अमानातला पाचवा हिस्सा

बाबा गेले तेव्हा वाटून घ्यायला एक गलबतच काय ते उरलं होतं. काझींनी शरियतप्रमाणे पाच वाटे केले. दोन फमाऊला, दोन शेकुवेला आणि एक मला. फमाऊ आमचा थोरला. तो गलबताचा नाखवा, म्हणून आम्ही भावंडंही त्याला नाखवाच म्हणतो. शेकुवे शेंडेफळ. मधली मी, बर्के. वाटणीच्या दिवशी माझ्या ओट्यावर कॉफी पिता पिता शेकुवे म्हणाला, "ताई, तुझा वाटा नेमका कुठला ते आत्ताच ठरवून टाकू. पुढची नाळ नाखव्याची, शीड माझं. तुझा तो तळ. पाणी साठतं ना, तोच. डबा घेऊन बस उपसत."

सगळे हसले. मीही हसले. पण ते बोलणं माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच.

गलबताचं नाव अमाना. आमच्या मातोंडोनी गावातच बाबांनी आणि अथमान मिस्त्रीने ती बांधली होती, आणि कांदळाचे वासे भरून ती मोंबासाला इतक्यांदा गेली की तिथल्या धक्क्यावरची माणसं तिला लांबून शिडावरून ओळखायची. मग रस्ता झाला, वासे ट्रकने जायला लागले. त्यातच तळाच्या फळीला कीड लागली. वर्षातली सगळ्यात मोठी भरती साधून तिला किनाऱ्यावर पार वर ओढली, आणि तिथेच ती राहिली. दोन पावसाळे. तिच्या सावलीत पोरं गोट्या खेळायची आणि माझं गाढव उभं राहून झोपायचं.

शेकुवेने मोटारबोट घेतली. पाहुण्यांना बेटं दाखवायची, मासे धरायला न्यायचं. कमाई चांगली, हातात घड्याळ, अंगात रंगीत शर्ट. एक दिवस तो हॉटेलवाल्याला घेऊन आला. त्या माणसाने अमानाच्या फळीवर थापा मारल्या, वास घेतला आणि हसत हसत सांगितलं की जुन्या गलबताच्या लाकडाची टेबलं पाहुण्यांना फार आवडतात. सहा टेबलं होतील, एक पलंग, आणि नाळेचा भाग तसाच कापून सरबताच्या काउंटरला लावता येईल.

तो गेल्यावर नाखवा शेकुवेवर धावूनच गेला. "बापाला कापून विकतोस?"

"बाप कबरीत आहे, नाखवा. हे लाकूड आहे. तुम्ही दोघं लाकडाला बाप म्हणता."

"माझे दोन वाटे आहेत. मी विकणार नाही."

"माझेही दोनच आहेत. मी विकणार."

दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या भावांना माझं मत हवं होतं. मी काही ते लगेच दिलं नाही. आत गेले, कॉफीत आलं घातलं, सावकाश बाहेर आले.

"उत्तरेचा वारा आहे तोवर," मी म्हणाले. "या कसकाझीच्या वाऱ्यात अमाना मोंबासाला गेली, तर ती गलबत. नाही गेली, तर लाकूड. मग कापा, माझं काही म्हणणं नाही."

वारा फिरला की दक्षिणेकडे, मोंबासाला, जायचं नावच काढायला नको. मग थेट पुढल्या हंगामापर्यंत वाट बघायची. हे तिघांनाही ठाऊक होतं. शेकुवेने हात पुढे केला. नाखव्यानेही केला. मी दोघांच्या हातांवर माझा ठेवला.

अथमान मिस्त्री त्या वेळी सत्तरीच्या पुढचा. गुडघे गेलेले, तोंड मात्र शाबूत. त्याने अमानाच्या पोटाखाली झोपून काठीने टोचून टोचून पाहिलं आणि ओरडला, "एक फळी नाही, तीन गेल्यात! आणि दोन बरगड्या. वाकडं लाकूड आणा, सरळ आणलंत तर तुमच्याच डोक्यात घालीन."

बरगडीचं लाकूड निसर्गतःच वाकडं लागतं; तासून वाकडं केलेलं लाटेवर मोडतं. नाखवा पलीकडच्या रानात आठवडाभर हिंडला. सोबत नेलेल्या भाकऱ्या संपल्यावर कच्च्या कैऱ्यांवर राहिला. परत आला तो खांद्यावर एक असा बाकदार ओंडका घेऊन की मिस्त्रीने त्याचा मुका घेतला. ओंडक्याचा, नाखव्याचा नव्हे.

मग फळ्या बसल्या, खिळे ठोकले, आणि फटी बुजवायची वेळ आली. आमच्याकडे बाईने गलबताला हात लावायचा नाही अशी रीत आहे. पण फटीत ठोकायचा कापूस वळायला बाई चालते, कारण त्याला वेळ लागतो आणि कंटाळा येतो. मी ओट्यावर बसून वाती वळल्या. दिव्यातल्या नव्हेत, करंगळीएवढ्या जाड आणि हातभर लांब, मुशी माशाच्या तेलात बुडवलेल्या. त्या तेलाच्या वासाने शेजारणी ओटा बदलून बसायला लागल्या. मला त्याचं काही वाटलं नाही. नाकाला फडकं बांधून मी वळत राहिले, आणि मिस्त्री ठोकत राहिला.

उन्हाने फळ्या तडकू नयेत म्हणून किनाऱ्यावरच्या गलबताला माडाच्या झावळ्यांनी झाकतात. अमानालाही झाकलं होतं. सगळं ठोकून झाल्यावर मिस्त्री तापाने पडला, नाखवा शिडाचं कापड आणायला लामूला गेला, आणि त्या चार दिवसांत माझ्या गाढवाने अमानाच्या एका अंगाच्या झावळ्या खाऊन टाकल्या. दाट, वाळक्या, सुरेख झावळ्या. ते मजेत खात होतं, आणि उघड्या फळ्यांवर दुपारचं ऊन बसत होतं.

कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण उरलेल्या झावळ्या मागे सारून नीट अंथरायला गाव तत्पर. तत्पर म्हणजे काय, झावळ्या आपल्याच पोराने ओढल्या असं वाटून, तो ओरडा खाईल म्हणून कुणाच्या तरी आईने गुपचूप अंथरल्या. मला ते नंतर कळलं.

मग आला पाणी ओतायचा दिवस. गलबत समुद्रात घालण्याआधी त्याच्या आत पाणी भरतात. फटी नीट बुजल्या असतील तर बाहेर थेंब येत नाही. अख्खा गाव बघायला जमतो. मिस्त्री नवी टोपी घालून येतो. एकही थेंब आला नाही तर लोक त्याला खांद्यावर घेतात. आला, तर काही बोलत नाहीत, आणि ते जास्त वाईट.

बादल्यांमागून बादल्या आत गेल्या. उजवं अंग कोरडं. डाव्या अंगाला आधी एक काळा डाग दिसला. मग दुसरा. मग रांगच लागली. अमाना डाव्या कुशीवर रडायला लागली.

अथमानने टोपी काढून खिशात घातली. "माझा हात गेला," तो म्हणाला. "साठ वर्षं केलं हे. संपलं."

शेकुवे आला होता. मला वाटलं होतं तो हसेल. तो हसला नाही. "कशाला त्रास देता तिला?" तो म्हणाला. "दोन वर्षं रोज इथून बोट नेतो मी. रोज ती कुजताना बघतो. कापली तर निदान एकदाच कापली जाईल."

मी त्याला काही बोलणार होते, पण तेवढ्यात मला गाढव दिसलं. ते डाव्या अंगालाच उभं होतं, आणि झावळीचा एक दांडा चावत होतं. मी जवळ जाऊन वरच्या फळ्यांवर नावापुरत्या अंथरलेल्या विरळ झावळ्या उचलल्या. खाली फळी चटका बसेल इतकी तापलेली.

"मिस्त्री!" मी ओरडले. "हात नाही गेला तुझा. माझं गाढव आलं!"

गाव इतका हसला की पाणी ओतणाऱ्यांच्या बादल्या सुटल्या. मिस्त्रीने वाकून फळीला हात लावला, फटीत नख घातलं, आणि टोपी परत डोक्यावर चढवली.

"कापूस ठीक आहे," तो म्हणाला. "लाकूड आक्रसलंय. डावीकडचं सगळं उपटून पुन्हा ठोकायचं. आणि रोज सकाळ-संध्याकाळ खारं पाणी मारायचं, तिला पाण्यात जाईपर्यंत सुकू द्यायचं नाही. कोण मारणार पाणी?"

"ज्याने खाल्लं तो," मी म्हणाले.

त्या दिवसापासून गाढवाच्या पाठीवर दोन पिंपं, आणि गाढवामागे मी. सकाळी नमाज झाला की एक फेरी, उन्हं कलली की दुसरी. अमानाच्या अंगाला हात लावायचा नाही म्हणून लांबून पाणी मारायचे. नंतर नंतर लांबून मारायचंही सोडून दिलं. फळीवर तळवा ठेवून ओल बघितल्याशिवाय माझा दिवस संपेना. कुणी पाहिलं, कुणी नाही पाहिलं. अथमानने पाहिलं आणि दुसरीकडे तोंड केलं. तो बोलला असता तर मी ऐकणार नव्हतेच.

अडचणी मात्र संपेनात. शीड चढवून बघताना त्याची आडवी काठी मधोमध तडकली. नवी मिळेपर्यंत वारा गेला असता. नाखवा घरी गेला आणि छपरातला एक वासा उपसून घेऊन आला. त्याची बायको मागून येत होती, आणि सगळ्या किनाऱ्याला ऐकू जात होतं.

"माझ्या डोक्यावरचं छप्पर नेतोस? मोंबासाहून परत येशील तेव्हा कुठल्या घरात येशील?"

"अगं, ओला वासा वाकतो. हा बाबांच्या लग्नाआधीपासून वाळतोय."

"मग बाबांच्याच गलबतावर राहा जाऊन!"

तोवर त्याने तो वासा तडकलेल्या काठीला जोडून सुंभाने आवळायला घेतलाही होता. बायको बडबडत राहिली आणि सुंभाचं दुसरं टोक धरून उभी राहिली.

शेवटी ठरलं. चंद्र भरेल त्या दिवशीचं उधाण; त्याच भरतीला पाणी अमानाच्या जवळ चढतं. दुसऱ्या दिवशी ते हातभर खालीच राहतं. गावातले पुरुष दोर ओढणार. इथे कुणी पैसे घेत नाही. तू माझं गलबत ओढ, मी तुझं ओढतो. मी भातासाठी बोकड कापून ठेवला, हलवा केला. तळाला चुना आणि चरबी फासून झाली. आत कुराण वाचून झालं, ऊद जाळून झाला. वारा आधीच थकल्यासारखा वाहत होता.

आणि त्या सकाळी निरोप आला की पाटे बेटावरचे मोठे उस्ताद गेले. आमच्या गावातल्या प्रत्येक पुरुषाला त्यांनी कुराण शिकवलं होतं. दफन त्याच दिवशी. पुरुष असेल तेवढा होड्यांत बसून निघून गेला. अमानाचं काय, हे कुणी विचारलंही नाही, आणि विचारायचं नव्हतंच. राहिले फक्त अथमान, गुडघ्यांमुळे, आणि नाखवा. नाखवा वाळूत बसून होता.

"मीही जायला हवं होतं," तो म्हणाला. "मार देऊन देऊन त्यांनी माझ्याकडून फातिहा पाठ करून घेतला. आणि मी इथे लाकडापाशी बसलोय."

"उद्या कबरीवर जा. त्यांना कळेल."

"आणि आज? मी आणि म्हातारा ओढणार का तिला?"

दुपार उलटली. पाणी चढायला लागलं होतं. मी खतीजाकडे गेले. खतीजा आमच्याकडच्या लग्नात बायकांचं गाणं चालवते. म्हशीच्या शिंगांवर काठ्या ठोकत, रस्त्याने. तिच्या मागे दोन गल्ल्या चालतात.

"शिंगं काढ," मी म्हणाले.

"कुणाचं लग्न?"

"अमानाचं."

 ती आत जाऊन शिंगं घेऊन आली, आणि जाता जाता प्रत्येक दारावर ठोकत आली. तिसऱ्या प्रहरी, असरच्या बांगेपर्यंत किनाऱ्यावर बायकाच बायका. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, कमरेला लेसोचं कापड आवळलेल्या, बुरखे वर खोचलेल्या.

अथमान काठी टेकत आडवा आला. "बर्केबी, ऐक माझं. बाई दोराला लागली की गलबत रुसतं."

"माझ्यावर रुसू दे. पाचवा वाटा माझा आहे, रुसायचा तिला हक्क आहे."

त्याने नाखव्याकडे बघितलं. नाखव्याने उठून दोराचं टोक माझ्या हातात दिलं.  बाबांनी नाखव्याला दोर जसा दिला होता तसाच दिला, दोन्ही हातांनी.

शिंगं वाजली, आम्ही ओढलं. काथ्याचा दोर तळव्यात घुसला. अमाना हलली! ओंडक्यांवरून करकरत हातभर सरकली, आणि बायकांनी असा आवाज काढला की पलीकडच्या कांदळातले बगळे उडाले. पुन्हा ओढलं, पुन्हा सरकली. नाखवा मागचे ओंडके उचलून पुढे टाकत धावत होता. छप्परवाली वहिनी त्याच्यापुढे. पण पाण्यापासून गलबतभर अंतरावर वाळू मऊ झाली आणि अमाना रुतली. ओढलं, हलेना. लग्नाचं गाणं सुंदर असतं, पण ते चालायला असतं. त्यात सगळ्यांनी एका क्षणी जोर लावायची जागा नसते. एक आत्ता ओढी, एक मग. बाबा असताना त्यांची एक हाक होती, त्या हाकेवर गलबत उठायचं. गावातले हाक देणारे सगळे पाट्याला गेले होते, आणि बाबांची हाक नाखव्याला कधी जमली नाही, त्याचा आवाज फाटका. पाणी अमानाच्या नाळेला लागून मागे जायला लागलं होतं.

तेवढ्यात पाट्याहून परतणाऱ्या मोटारीचा आवाज आला. शेकुवे. बोट खाडीत थांबवून तो उभा राहिला.

"दोर फेका!" तो ओरडला. "मी ओढतो मोटारीने!"

तो मनापासून म्हणाला, हे मला आज कळतं. तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"मोटारीने ओढलेली अमाना मला नको!" मी ओरडले. "यायचं तर पाण्यात उतर. आणि तोंड उघड. बाबांची हाक तुलाच येते."

लहानपणी बाबा त्याला नाळेवर बसवायचे. तेवढंसं पोर नाळेवरून हाक द्यायचं आणि चाळीस पुरुष दोर ओढायचे. त्याला ती येत होती. बाबा गेल्यापासून त्याने ती काढली नव्हती.

 त्याने घड्याळ काढून बाकावर ठेवलं आणि रंगीत शर्टासकट उडी मारली. छातीभर पाण्यातून चालत आला, माझ्या पुढे दोराला लागला, आणि त्याने हाक दिली.

तो बाबांचाच आवाज होता. अथमानने काठी टाकून दिली आणि अमानाला खांदा लावला. खतीजाने शिंग हाकेच्या बरोबर ठोकलं. दुसऱ्या हाकेला अमाना वाळूतून सुटली. तिसरीला नाळ पाण्यात गेली. मग हाकच नको झाली. ती आपणहून निघाली, दोर आमच्या हातांतून ओढून घेत, आणि पाण्यावर एकदा डुलून सरळ उभी राहिली. माझ्या हातांची सालं निघाली होती. मी ओरडत होते की रडत होते, कुणी सांगावं. खतीजाच्या बायका वाळूतच नाचायला लागल्या.

नाखवा वर चढला होता. तिथून त्याने हाक मारली, "बर्के! चल, ये!"

"मी? कुठे?"

"शेलाच्या खाडीच्या तोंडापर्यंत. मालक पहिल्या फेरीला गलबतावर असतात. पाचवा वाटा वाळूत ठेवून मी जाणार नाही."

आमच्या घरातली कुठलीही बाई अमानावर कधी चढली नव्हती. मी अथमानकडे बघितलं. तो आपले ओले गुडघे चोळत होता. "माझ्याकडे काय बघतेस?" तो म्हणाला. "ती कुठे रुसलीये?"

शेकुवे माझ्यापुढे पाठ करून वाकला. "बस. लहानपणी तू मला न्यायचीस."

"मोडशील रे."

"बस म्हणतो ना!"

अशी मी भावाच्या पाठीवरून गलबतावर गेले. वर उभी राहिले. शीड फुगलं. काठीला बांधलेला नाखव्याच्या छपराचा वासा कुरकुरला आणि टिकला. किनारा मागे सरकायला लागला, आणि त्यावर माझं गाढव, रिकामी पिंपं घेऊन.

शेकुवे ओल्या शर्टाने माझ्याजवळ आला. त्याच्या हातात उपसायचा डबा होता. नव्याने पाण्यात घातलेलं गलबत पहिल्या तासात पाणी घेतंच. ते सगळ्यांना माहीत असतं. त्याने डबा माझ्यापुढे धरला. डोळे हसत होते.

"घे, ताई. तुझा वाटा."

मी डबा घेतला. फळी उचलली आणि खाली तळात वाकले, जिथे अंधार होता आणि मुशीच्या तेलाचा वास. सोललेला तळवा मी लाकडावर ठेवला. खारं पाणी लागलं असतं तर झोंबलं असतं. डावीकडे ठेवला, उजवीकडे ठेवला. मधल्या सांध्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला.

मग वर आले आणि हात दोघा भावांपुढे उघडला.

"कोरडा आहे," मी म्हणाले, आणि डबा शेकुवेच्या हातात परत दिला. "आता तुमचे चार वाटे बघा."